ओसरीवरच्या बाई

१

संत्र्यांची पिशवी घेऊन इस्क्रा फाटकापाशी आली आणि जागच्या जागी थिजली. फाटकाला काळ्या चौकटीचा एक कागद चिकटवलेला होता, आणि त्या चौकटीतून गेर्गिना बाई तिच्याकडे बघून हसत होत्या. फोटोखाली ठळक अक्षरांत छापलं होतं: चाळीस दिवस.

तिनं वाचलं, मग पुन्हा वाचलं. वाचता येत होतं हीच तर पंचाईत. वालेन्सियात वाढलेल्या पोरीला ही बल्गेरियन अक्षरं बाईंनीच शिकवली होती. लाडक्या शिक्षिका आणि प्रेमळ शेजारीण गेर्गिना ताहोवा यांना जाऊन आज चाळीस दिवस झाले, असं तो कागद सांगत होता. कागदाला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

पण काल संध्याकाळी याच बाईंनी तिला लिहिलं होतं, 'निघ, पिलू. आधी परीक्षा, मग माझ्याकडे. येताना संत्री आण.'

इस्क्राच्या हातून पिशवी सुटली. दोन-तीन संत्री उतारावरून गडगडत खालच्या गल्लीत गेली. 

स्लिवाक हे डोंगरातलं लहानसं गाव. गावातली निम्मी तरणी माणसं पोटासाठी देश सोडून गेलेली, आणि त्यांची पोरं तिकडचीच भाषा बोलायला लागलेली. म्हणून गावच्या वाचनगृहानं इंटरनेटवर गप्पांची एक खोली उघडली होती. तिचं नाव चार्दाक, म्हणजे ओसरी. रोज संध्याकाळी मिलान, हॅम्बुर्ग, वालेन्सिया अशा कुठल्या कुठल्या गावांतून पोरं ओसरीवर जमायची. जे लिहायचं ते आपल्या भाषेत, ही एकच अट. चुकलं की गेर्गिना बाई तिथल्या तिथं कान धरायच्या, जमलं की 'शाब्बास, पिलू' म्हणायच्या. कुणाला मनातलं बोलायचं असेल तर बाजूला एक छोटी खिडकी उघडता यायची, आणि त्या खिडकीत फक्त बाई.

इस्क्रानं त्या खिडकीत बाईंना सगळं सांगितलं होतं. परवा सोफियाच्या विद्यापीठात तिची प्रवेश परीक्षा व्हायची होती. तिला हीच भाषा शिकायची होती, पुढं बाईंसारखंच शिकवायचंही होतं. आईचा ठाम विरोध होता. 'गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस' म्हणून आई रुसून बसली होती. आईचा शब्द मोडून इस्क्रा निघाली, ती केवळ बाईंच्या शब्दावर. विमान एक दिवस आधीचं मिळालं, तेव्हा परीक्षेआधीच जाऊन बाईंना चकित करावं असं तिच्या मनात आलं. चकित कोण झालं ते दिसतच होतं.

वरच्या रस्त्यानं काळ्या कपड्यांतल्या बायका स्मशानातून परतत होत्या. त्यातली एक उंच, जाडजूड बाई थांबली. तिच्या हातात कागदाचे पेले होते, साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाचे. एक पेला तिनं इस्क्राच्या हातात दिला.

"घे, लेकी. तिच्या नावानं दोन घास खा. देव तिला क्षमा करो. तू कुणाची?"

"रोसित्साची. वालेन्सियाची," इस्क्रा कशीबशी म्हणाली. "काल संध्याकाळी मी बाईंशी बोलले."

त्या बाईचा हात हवेतच राहिला.

"लेकी," ती सावकाश म्हणाली, "गेर्गिनाच्या पेटीला मी खांदा दिलाय."

२

ती वेलिकामावशी. गेर्गिना बाईंची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. सगळी हयात जिल्ह्याच्या पोलिसांत तपासाच्या कामात गेलेली, आणि निवृत्तीनंतर वांग्या-मिरच्यांवर पाळत ठेवणारी. तिनं पडलेली पिशवी उचलली, इस्क्राला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि पुढ्यात लिंडेनच्या फुलांचा चहा ठेवला.

"पी. आणि रडायचं असेल तर आत्ताच रडून घे. नंतर मला तुझं डोकं लागणार आहे."

इस्क्राला रडू येत नव्हतं.  चाळीस दिवस आपण कुणाशी बोलत होतो? कुणाला मनातलं सांगत होतो? 'निघ' कोण म्हणालं? बाई म्हणाल्या असतील तर परीक्षा द्यायची होती. कुणा भलत्यानंच मजा केली असेल तर? तर आई खरी ठरली, मग उद्याच्या गाडीनं परत जायचं, आईचे पाय धरायचे आणि ही भाषा पुन्हा तोंडात घ्यायची नाही. तिनं हे सगळं वेलिकामावशीला सांगून टाकलं.

"तुझं बोलणं अगदी छापील आहे गं," मावशी म्हणाली. "बरं. दाखव ती तुझी खिडकी."

इस्क्रानं फोन पुढं केला. मावशीनं चष्मा चढवला आणि चाळीस दिवसांचं लिखाण सावकाश वाचत बसली. मध्येच थांबून विचारलं, "हा खोकला कसला? इथं लिहिलंय, 'मधलिंबू घे, खोकला अंगावर काढू नकोस.' तू आधी सांगितलं होतंस?"

"सांगितलं असेल."

"असेल नको. शोध."

इस्क्रानं शोधलं. खोकल्याचा शब्द तिनं कुठंच लिहिलेला नव्हता. 

मावशी पुढं वाचत गेली. "आणि हे? 'माझी आई दगडाची आहे, बाई. तिला पाझरच फुटत नाही.' त्यावर उत्तर आलंय, 'असेल, पिलू. तू तुझं बघ.' हे गेर्गिनाचं बोलणं नव्हे. कुठल्याही पोरानं आईला दगड म्हटलं असतं तर तिनं त्याला झोडपून काढलं असतं." चष्म्यावरून तिनं इस्क्राकडे बघितलं. "आणि बाई कधी यायच्या?"

"पूर्वी पाचला यायच्या. हल्ली उशिरा, आठच्या पुढं. म्हणाल्या, उन्हात डोळे दुखतात."

"मेलेल्या माणसाचे डोळे," मावशी पुटपुटली आणि शेवटच्या पानावर आली. "आणि हे काय? काल तू लिहिलंस, 'बाई, निघू का? आई बोलत नाही. मी एकटी रडत बसलेय.' मग हे भलतंच काहीतरी, आणि मग 'निघ, पिलू.'"

त्या भलत्याच ओळीत ही अक्षरं होती: e.d ñdñf

"ते काही नाही. कोंबडीचे पाय," इस्क्रा म्हणाली. "यंत्र रोमन अक्षरांवर राहून गेलं आणि बोटं आपल्या अक्षरांच्या जागी फिरली की असं होतं. ओसरीवर सगळ्यांचंच होतं. मग माणूस यंत्र आपल्या लिपीवर आणतो आणि पुन्हा लिहितो."

मावशी त्या ओळीकडे बघतच राहिली. इस्क्राच्या मनात एकाएकी नको ते आलं. ही शेजारीण. भिंतीला भिंत. घराची किल्लीही हिच्याकडेच असणार.

"मावशी," ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्हीच लिहीत होतात का?"

वेलिकामावशीनं तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मान वर-खाली हलवली.

३

खुर्ची मागं सारून इस्क्रा दाराकडे धावली.

"बस खाली, वेडाबाई," मावशी म्हणाली. "इथं मान अशी हलली की नाही म्हणतात. तुझ्या आईनं हेही शिकवलं नाही?"

आईनं काहीच शिकवलं नव्हतं. राहायचं तिथलं बोलायचं, असं म्हणून घरात तिनं एक शब्द बल्गेरियन काढला नव्हता, आणि मान हलवायची स्लिवाकची रीतही स्पेनमध्ये सोडून दिली होती. ओसरीवर तरी कुणाची मान दिसते? इस्क्रा ओशाळून बसली. 

"मी एका बोटानं टाइप करते," मावशी म्हणाली. "चाळीस दिवस कुणाचं सोंग वठवायचं तर माझं बोट झिजून गेलं असतं. चल."

बाईंचा भाचा ओग्न्यान बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. ओसरी त्यानंच बांधली होती, सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे. दुकानात पोचेपर्यंत इस्क्राची खात्री झाली होती की हाच तो. मावशीनं प्रश्न टाकला तसं त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर पडला.

"माझी मावशी लिहीत नव्हती?" तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, मला माहीत होतं ती गेली. तिचं नाव ओसरीवर हिरवं दिसत होतं ते मी पाहिलं. मला वाटलं वाचनगृहाची त्सोन्का चालवतेय, पोरांना धक्का बसू नये म्हणून. विचारायची लाज वाटली."

"आणि तू बंद नाही केलंस?"

"वेलिकामावशी, माझ्या मावशीचं नाव मी कसं बंद करू? ते हिरवं दिसलं की बरं वाटायचं." त्याचे डोळे भरून आले. तो लगेच कीबोर्डची धूळ झाडायला लागला.

मावशीनं ती कोंबडीच्या पायांची ओळ त्याच्यापुढं धरली. "हे तुझं काम?"

ओग्न्यान एकदम सावरला. अभिमानच दुखावला गेला. "माझं कसं असेल? माझ्या कीबोर्डवर आपली अक्षरं आवाजावर बसवलीत. म ला एम, ल ला एल. यंत्र रोमनवर राहिलं तरी माझं लिहिलेलं सरळ वाचता येतं. गेर्गिनामावशीलाही मीच शिकवलं, तिचंही तसंच. हे ज्यानं लिहिलं त्याची अक्षरं जुन्या टाइपरायटरच्या जागांवर आहेत. अशी बोटं आता गावात कुणाचीच राहिली नाहीत." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "एक सोडून."

"कोण?"

"त्सोन्का. ती टाइपिंगचा क्लास चालवायची."

४

वाचनगृहाच्या चिटणीस त्सोन्काबाई टेबलामागं बसून भट्टीत भाजलेला पनीरचा बानित्सा खात होत्या. वेलिकामावशीनं 'ओसरी' म्हणताच त्यांनी घास तसाच ठेवला आणि छातीवर क्रूस काढला. चोराच्या मनात चांदणं, असं इस्क्राला वाटून गेलं.

"मी काही केलं नाही," त्सोन्काबाई म्हणाल्या. "मी काहीही केलं नाही, हेच माझं पाप. अंत्यविधी झाल्यावर ओसरीवर सूचना टाकावी म्हणून मी मशीन उघडलं. बघते तर गेर्गिना तिथं बसून पोरांना क्रियापदं शिकवतेय. माझी बोबडीच वळली. मशीन बंद केलं, ते अजून उघडलेलं नाही."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"मला वाटलं ओग्न्यान करतोय. आणि तो करत नसेल तर," त्यांनी आवाज उतरवला, "तर तीच असेल. चाळीस दिवस माणूस घराच्या आसपासच असतं ना."

इस्क्राला हसावं की ओरडावं कळेना. गावात सगळ्यांना माहीत होतं की बाई गेल्या, आणि ओसरीवर कुणालाच नाही. मधे ही दोघं, एकमेकांकडे बोट दाखवून गप्प. तिचा राग उफाळून आला. "मी तिकडं रोज त्या मेलेल्या बाईशी बोलत होते," ती म्हणाली. "तुम्हाला एक ओळ लिहिता आली नाही?"

त्सोन्काबाईंनी मान खाली घातली. 

"मशीन उघडा, त्सोन्का," वेलिकामावशी म्हणाली. "रोमनवर ठेवा. हे तुमच्या बोटांनी काय होतं ते बघायचंय."

त्सोन्काबाईंनी ती ओळ पाहिली. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि ओठ हलवत, जुन्या सवयीनं, एकेका रोमन अक्षराखालचं आपलं अक्षर शोधत गेल्या. "इथं ए. हा पूर्णविराम म्हणजे ल. डी म्हणजे आ. एला. 'ये.' मग..." त्या अडल्या. "हे काय अक्षर आहे? एनच्या डोक्यावर लाट? हे माझ्या कीबोर्डवर नाही."

"पुढचं मागचं बघून ओळखा."

"पुढं आ आहे. पुन्हा तेच लाटेचं. मग ओ." त्यांचं बोट उजव्या बाजूच्या एका कळीवर गेलं. "तिथं म असतो. टाइपरायटरवर म उजव्या करंगळीखाली. पण माझ्याकडे ही कळ दाबली तर रोमनमध्ये अर्धविराम येतो, लाट नाही येत." त्यांनी दाबून दाखवली. खरंच अर्धविराम आला. "म्हणजे हे इथं लिहिलेलं नाही. पण वाचता येतं. 'एला, मामो.'"

"मामो म्हणजे आई," इस्क्रा म्हणाली. "'ये, आई.' कुणीतरी आपल्या आईला हाक मारत होतं? म्हणजे एखादं लहान मूल?"

दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं. मग वेलिकामावशी खुर्चीत टेकून बसली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा पोलीस एकदम उतरला.

"लेकी, तुला तुझ्या आईनं कधी मामो म्हटलं नाही?"

"मी तिला म्हणेन. ती मला कशी म्हणेल?"

"आमच्याकडे म्हणतात. आजी नातवाला 'बाबो' म्हणते, म्हणजे आजी. आई लेकराला 'मामो' म्हणते, म्हणजे आई. स्वतःचंच नाव लेकराला देऊन टाकायचं. उगीच कुणी म्हणत नाही, पोटच्या पोरालाच म्हणतात. गेर्गिनाला मूलबाळ नव्हतं. ती सगळ्यांना पिलू म्हणायची. तिच्या तोंडातून हा शब्द जन्मात गेला नसता."

"म्हणजे लिहिणारी कुणाची तरी आई आहे," त्सोन्काबाई म्हणाल्या. "आणि मशीनवर शिकलेली आहे."

"आणि तिच्या कीबोर्डवर लाटेचं अक्षर आहे," वेलिकामावशी म्हणाली. "म च्या जागी. ते अक्षर कुठं असतं, इस्क्रा?"

 इस्क्राला ते अक्षर कालही खटकलं नव्हतं, आजही नाही. कसं खटकेल? पहिलीपासून ती ते गिरवत आली होती.

"ते आमच्या देशाच्या नावातच आहे," ती म्हणाली. "एस्पान्या लिहिताना ते लागतं."

त्सोन्काबाई आठवत होत्या. त्यांना इस्क्रा कोण ते ठाऊक नव्हतं. "माझ्या क्लासमधल्या मुलींत स्पेनला गेली ती एकच. काय बोटं होती तिची. डोळे मिटून मारायची. गेर्गिनाची लाडकी. रोसित्सा."

५

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," वेलिकामावशी म्हणाली. पण आवाजात टोमणा नव्हता.

 एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसत होती, आणि प्रत्येकीनिशी इस्क्राला नवा धक्का बसत होता. बाई आठनंतर यायच्या. आई आठला लॉजच्या काउंटरवर कामाला बसायची, समोर कॉम्प्युटर. खोकला तिनं कुठं लिहिला नव्हता, पण मधल्या भिंतीतून तो ऐकू जात होता. आई टायपिस्ट होती हे तिला आज परक्या बाईच्या तोंडून कळत होतं. स्पेनमध्ये आईनं आधी लॉजच्या खोल्या झाडल्या, मग किल्ल्या सांभाळल्या. बोटांचं कसब कधी सांगितलं नाही.

आणि 'माझी आई दगडाची आहे' हे तिनं कुणाला लिहिलं होतं?

"पण ती तर मला जाऊ नको म्हणत होती," इस्क्रा म्हणाली. "घरात जाऊ नको आणि खिडकीत निघ? हा कसला खेळ?"

"तेच मलाही कळत नाही," वेलिकामावशी म्हणाली. "कालचंच बघ. आधी 'ये' लिहिलं, लगेच 'निघ'. त्याच बोटांतून दोन बायका. फोन कर तिला."

"फोनवर ती स्पॅनिशच बोलेल," इस्क्रा म्हणाली. "खोटं बोलायला तिला ती भाषा फार सोयीची पडते. मी ओसरीवर विचारते."

त्सोन्काबाईंनी खुर्ची रिकामी करून दिली आणि मशीनवर आपली लिपी चढवली. इस्क्राला तो जुना कीबोर्ड पेलत नव्हता. एकेक अक्षर हुडकावं लागत होतं. बाहेर अजून उजेड होता, चौकात पोरं चेंडू खेळत होती. ओसरीवर मिलानचा एक मुलगा 'बाई आल्या का?' म्हणून विचारत होता. घड्याळात नऊ वाजून गेले, म्हणजे वालेन्सियात आठ, आणि गेर्गिना ताहोवा हे नाव हिरवं झालं.

त्सोन्काबाईंनी पुन्हा क्रूस काढला.

६

इस्क्रानं खिडकी उघडली आणि लिहिलं, 'बाई.'

'आलीस, पिलू? सोफियाला पोचलीस नीट? जेवलीस?'

'मी स्लिवाकमध्ये आहे. फाटकावरचा कागद वाचला.'

पलीकडे कुणीतरी लिहीत असल्याची खूण उमटली, पुसली गेली, पुन्हा उमटली, पुन्हा पुसली गेली.  इस्क्रानं लिहिलं, 'काल तू एला मामो लिहिलंस. मला त्सोन्काबाईंनी वाचून दाखवलं.'

 मग एकदम ओळींमागून ओळी आल्या, डोळे मिटून मारल्यासारख्या, एकही चूक नसलेल्या.

'बाईंनी दवाखान्यातून फोन केला होता. म्हणाल्या, पोरीला परीक्षेआधी कळू देऊ नकोस. सगळं टाकून रडत बसेल. माझा परवलीचा शब्द लिहून घे आणि परीक्षेपर्यंत माझ्या जागी तू बस.'

'मी म्हटलं, बाई, मी तर तिला नको जाऊ म्हणते. ती गेली तर मला इथं कोण आहे?'

'त्या म्हणाल्या, घरात तुझं बोल. ओसरीवर बसशील तेव्हा माझं बोल. त्यात तुझं घालायचं नाही. मी त्यांना तसा शब्द दिला.'

इस्क्रानं ते वाचलं. मागं उभ्या दोघीही वाचत होत्या, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. राग होता, तो कुठं गेला नव्हता. चाळीस दिवस फसवलं होतं, आपल्याच आईनं, आपल्याच घरातून. पण या चाळीस दिवसांत आई तिच्याशी आपल्या भाषेत बोलली होती, तिच्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, हेही तितकंच खरं होतं. दोन्ही एकदम कसं सोसायचं ते तिला समजत नव्हतं.

'मी तुला दगड म्हटलं,' तिनं लिहिलं. 'तेव्हा तू काउंटरवर होतीस?'

'होते. एक गिऱ्हाईक किल्ली मागत होतं. मी त्याला चुकीची किल्ली दिली.'

'आणि तू असेल म्हणालीस.'

'बाई काय म्हणाल्या असत्या ते त्या दिवशी सुचेना.'

इस्क्रानं डोळे पुसले. मग तिनं सकाळपासून छातीवर बसलेला प्रश्न लिहिला. 'काल तू आधी ये म्हणालीस. मग निघ. ये म्हणजे कुठं ये?'

या वेळी उत्तर सावकाश आलं.

'माझ्याकडे. लॉजवर. तू एकटी रडत होतीस, दोन गल्ल्यांवर. चाळीस दिवसांत मी माझं म्हणून एकच लिहिलं, आणि यंत्र स्पॅनिशवर राहून गेलं होतं, एका गिऱ्हाइकाचं नाव लिहिताना. अक्षरं बिघडलेली बघितली आणि म्हटलं, बरंच झालं. तिला वाचता येणार नाही. मग लिपी बदलली आणि बाईंचं लिहिलं.'

वेलिकामावशीनं नाक ओढलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत कितीतरी जणांनी तिच्यापुढं गुन्हा कबूल केला होता. असं कुणी बोललेलं तिला आठवत नव्हतं.

'निघ कुणी म्हटलं ते मला हवं होतं,' इस्क्रानं लिहिलं. 'बाईंनी की कुणी भलत्यानं. त्यावर परवाचं ठरणार होतं.'

'बाईंनीच म्हटलं. बोटं माझी होती. तुला परत यायचं असेल तर ये. मी काही म्हणणार नाही, ना त्यांच्या तोंडानं ना माझ्या.'

 इस्क्रा कीबोर्डवर वाकली. परीक्षा देते, एवढं लिहायला तिला फार वेळ लागला. पुढचं मात्र तिनं शोधलं नाही. करंगळी उजवीकडे गेली, म ची कळ तिथंच होती.

'परीक्षा देते, मामो. मग येते. आणि उद्यापासून ओसरीवर स्वतःच्या नावानं ये. पोरांना बाईंचं तूच सांग.'

खूण उमटली. मग आलं, 'थांब, गिऱ्हाईक आलंय.'

त्सोन्काबाईंनी उरलेला बानित्सा कागदात बांधला आणि सोफियाच्या वाटेसाठी म्हणून इस्क्राच्या पिशवीत, संत्र्यांवर ठेवला. पडद्यावर पुन्हा एक ओळ आली. ती कोंबडीच्या पायांची होती. यंत्र परत स्पॅनिशवर राहून गेलं होतं.

ñdñf

त्सोन्काबाई चष्मा शोधायला लागल्या.

"राहू द्या," इस्क्रा म्हणाली. "मला वाचता येतं."